चित्रकलेच्या तासाला पूर शिकवावा का? कला, चळवळ आणि चिकित्सक विचार शाळेत एकत्र आणण्याबद्दल

कुंचला_करवीर
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरातल्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. नववीच्या मुलांबरोबर एक उपक्रम करायचा आहे, त्यावर मोकळेपणाने मतं हवी आहेत.

पुराचं पाणी ज्या गल्ल्यांत शिरतं, तिथल्या घरमालकांना विचारून भिंतींवर २०१९ आणि २०२१ ची पातळी रंगवायची. रेषेशेजारी त्या घरातल्या माणसाचं एक वाक्य, त्याच्याच शब्दांत, अक्षरलेखन मुलांचं. मग वर्गात बसून शोधायचं की पाणी इथवर का आलं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, हे इथल्या मुलांना पाढ्यांसारखं पाठ आहे. पण निळी पूररेषा (पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) कुठून जाते, लाल (शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) कुठून जाते, त्यांच्या आत बांधकामं कुणाच्या परवानगीने उभी राहिली, भराव कुणी टाकला आणि भाड्याच्या खोलीतल्या माणसाच्या पदरात काय पडलं, हे त्यांना कुणी विचारायला शिकवलेलं नाही. शेवटी जमवलेलं सगळं निवेदनासोबत महापालिकेत द्यायचं.

संस्थेच्या कार्यालयातून निरोप आला: चित्रं काढा, निवेदन नको, शाळेत राजकारण नको. चळवळीतले एक परिचित म्हणाले, चित्रात कशाला वेळ घालवता, मुलांना थेट मोर्चाला आणा. आणि एका सहकाऱ्यांचं म्हणणं, 'असं का?' हा प्रश्न एम.ए.च्या मुलांचा, नववीच्या नव्हे.

मला हे तिन्ही सल्ले पटलेले नाहीत. चित्र, कृती आणि 'असं का?' हे मी वेगवेगळ्या तासांना वाटून देऊ शकत नाही. तुम्हाला काय वाटतं?

तांबडा_पांढरा
बाई, नाद खुळा कल्पना. आमच्या दुधाळीच्या घराची भिंत घ्या. रंगाचा खर्च माझा.

पालक_राजारामपुरी
माझी मुलगी नववीत आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा झाली, इंटरमिजिएट द्यायची आहे. त्या श्रेणीचे गुण दहावीत धरतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा सराव करायचा सोडून मुलं भिंती रंगवत हिंडणार का?

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. तुमचा हेतू चांगला आहे, मान्य. पण उद्या दुसरे सर त्यांच्या विचारांचं निवेदन घेऊन आले आणि मुलांच्या सह्या घेतल्या, तर कोणत्या तोंडाने 'नाही' म्हणायचं? चौदा वर्षांच्या मुलाला वर्गात शिक्षकाला नकार देता येत नाही. तिथे सत्ता शिक्षकाची असते.

गंगावेस_कट्टा
पालकांचा दुसरा मुद्दा वजनदार आहे, त्यावर बोललंच पाहिजे. पण 'शाळेत राजकारण नको' हे वाक्य कोल्हापुरात बोललं गेलं याचं मला मनापासून वाईट वाटलं.

थोडं मागे जातो. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' लिहिलं. नाटकच निवडलं त्यांनी, निबंध नव्हे. एका कुणबी जोडप्याला जोशी ग्रहांची भीती घालून लुबाडतो, विदूषक मधेमधे येऊन त्यातली लबाडी उघडी करतो, आणि शेवटी ते जोडपं फुल्यांच्याच रात्रीच्या शाळेत शिकायला निघतं. पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या सरकारी दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारलं. बाई ज्या तीन गोष्टी म्हणतायत त्या तिन्ही यात आहेत: कला आहे, कृती आहे (शाळा खरोखर चालू होती) आणि 'तुझ्या दारिद्र्याचं कारण ग्रहांत नाही' हा विचार आहे. पुढे सत्यशोधक जलशांनी हेच तमाशाच्या अंगाने गावोगाव नेलं. गण, गौळण, वग लोकांच्या ओळखीचे, आशय नवा.

आता आपल्या गावातलं. बिंदू चौकात फुले आणि आंबेडकरांचे पुतळे आहेत. बाबासाहेब हयात असतानाच ते उभे राहिले. त्यामागे भाई माधवराव बागल होते. हा माणूस मुळात चित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला. वडील खंडेराव सत्यशोधक. चित्रं काढणारा, कलेवर लिहिणारा माणूस प्रजापरिषदेत (संस्थानातल्या रयतेच्या हक्कांची चळवळ) शेतकऱ्यांसाठी तुरुंगात जातो, मंदिरप्रवेशासाठी झगडतो. 'तुम्ही चित्रकार की कार्यकर्ते' असं त्यांना विचारणारेही असतील, पण त्यांनी ती निवड करायला नकार दिला. आणि बाबूराव पेंटर? पडदे रंगवणाऱ्या हातांनी १९२५ साली सावकाराने जमीन गिळलेल्या शेतकऱ्यावर 'सावकारी पाश' हा चित्रपट काढला.

शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचा हुकूम काढला, तोसुद्धा राजकारणच होता की. आज तो आपल्याला साधा वाटतो एवढंच.

रेघोट्या
इतिहास मोलाचा आहे, पण मी चित्रकार म्हणून तक्रार मांडतो. सामाजिक कामाला जोडली की कलेला 'चांगली आहे का' असं विचारायचंच बंद होतं. किती लोक आले, किती भिंती झाल्या, पेपरात फोटो आला का, एवढंच उरतं. क्लेअर बिशप नावाच्या इंग्लंडच्या कलासमीक्षक आहेत, त्यांचा आक्षेप हाच: सहभाग झाला म्हणून कलाकृती आपोआप चांगली ठरत नाही, आणि नैतिक हेतूच्या नावाखाली कलेची पारख सोडून देऊ नये. मला हे शंभर टक्के पटतं.

निळी रेघ कोणीही मारेल. ती कोणत्या जाडीची, कोणत्या निळ्याची, पोपडे आलेल्या चुन्यावर टिकणारी की पहिल्या पावसात ओघळणारी, वाक्यातलं अक्षर रस्त्यापलीकडून वाचता येतं की नाही, हे चित्रकलेच्या बाईंनी शिकवायचं नाही तर कुणी शिकवायचं? पालकांना उत्तरही यातच आहे. संकल्पचित्राचा याहून चांगला सराव कुठला?

जोसेफ बॉइसचं उदाहरण सगळे देतात. १९८२ मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या प्रदर्शनात त्याने ७००० ओक लावायला घेतले. प्रत्येक झाडाशेजारी एक बसाल्टचा दगड. काम १९८७ ला पुरं झालं, तोवर तो वारला होता. वृक्षारोपण तर आपल्याकडे दर जूनमध्ये होतं. फरक त्या दगडात आहे. सुरुवातीला सगळे दगड प्रदर्शनाच्या इमारतीसमोर ढीग घालून ठेवले होते, आणि झाड लागल्याशिवाय दगड हलवायचा नाही. ढीग किती उरला ते रोज अख्ख्या शहराला दिसायचं. ही रूपाची अक्कल आहे. ती नसेल तर मग सरळ निवेदनच द्या, भिंती कशाला?

शाडूवाला
मी कुंभार गल्लीतला. शाळांच्या अशा उपक्रमाचा आम्हाला आलेला अनुभव सांगतो, कारण तो कुणी सांगत नाही.

गणपतीच्या आधी एका शाळेची प्रभातफेरी आमच्या गल्लीत आली. मुलांच्या हातात फलक: 'प्लास्टर हटवा, पंचगंगा वाचवा.' घोषणा आमच्या दारात, आमच्याकडे बघून. नदी घाण होते हे आम्हाला कळत नाही काय? आमचं आयुष्य त्या नदीच्या मातीवर गेलंय. पण एकाही पोराने आत येऊन विचारलं नाही की काका, प्लास्टर का वापरता.

विचारलं असतं तर दाखवलं असतं. प्लास्टर साच्यात ओतलं की काही मिनिटांत धरतं. शाडूची मूर्ती हातानं दाबून भरायची, आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत वाळायला दिवसच्या दिवस लागतात, घाई केली की बोट, कान, सोंडेला चीर जाते. वजन जास्त, टेम्पोतनं नेताना मोडतोड जास्त. जागा जास्त लागते, ती भाड्याची. आणि गिऱ्हाईक येतं तेव्हा त्याला मंडपात मावेल तेवढी उंच, हलकी आणि स्वस्त मूर्ती पाहिजे. त्या मंडळांच्या दारात फेरी गेली नाही. नदीत कारखान्याचं आणि गावांचं सांडपाणी जातं, तिकडंही गेली नाही. सोपं दार आमचं होतं.

बाईंना विरोध नाही माझा. फक्त एवढं बघा की मुलं कुणाच्या दारात, काय ठरवून जातायत.

मुठा_काठ
शाडूवाला, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे असं मला वाटतं.

पुण्याचा असलो तरी बोलतो. पावलो फ्रेरी हा ब्राझिलचा शिक्षक. त्याचा मुख्य राग याच प्रकारच्या शिक्षणावर होता: शिक्षक उत्तरं भरतो, मूल साठवतं आणि मागितली की परत देतं. त्या फेरीत नेमकं तेच झालं, उत्तर तेवढं पर्यावरणाचं होतं. उत्तर पुरोगामी असलं म्हणून पद्धत बदलत नाही.

त्याने स्वतः कसं केलं ते बघा. १९६३ मध्ये अंजिकोस नावाच्या गावात सुमारे ३०० शेतमजुरांना ४० तासांच्या वर्गांत वाचायला शिकवलं. या पद्धतीत अक्षराच्या आधी चित्रं होती. फ्रान्सिस्को ब्रेनांड या चित्रकाराने काढलेली: विहीर, झोपडी, शिकारी, मातीची भांडी घडवणारे कारागीर. चित्र दाखवायचं आणि विचारायचं, यातलं निसर्गाने काय केलं, माणसाने काय केलं? मजूर बोलता बोलता या ठिकाणी येतो की विहीर माणसाने खणली, मग ती जमीन अमक्याची हेही माणसानेच ठरवलं. त्यानंतर अक्षरं, तीही त्यांच्या रोजच्या शब्दांतून, 'वीट' सारख्या. १९६४ ला लष्कराने सत्ता घेतली आणि फ्रेरीला तुरुंगात टाकलं, पुढे देश सोडावा लागला.

सहकारी म्हणतात सिद्धांत एम.ए.ला. अहो, 'यातलं निसर्गाने काय केलं, माणसाने काय केलं' हाच सिद्धांत आहे. निरक्षर मजूर तो करत होता. आणि पुराच्या बाबतीत याहून नेमका प्रश्न नाही. पाऊस निसर्गाचा. भराव?

इचलकरंजीकर
भराव कुणाचा ते सगळ्यांना माहितेय, लिहीत कुणी नाही. :)

शिरोळकर
शहरवाल्यांचं बोलणं ऐकतोय. पूर म्हणजे फक्त शाहूपुरी आणि सुतारवाडा नव्हे. कुरुंदवाड, नृसिंहवाडी, राजापूर, खिद्रापूर… पंचगंगा आणि कृष्णा दोन्ही आमच्या अंगावर येतात. ऊस पाण्याखाली राहिला की शेंड्यात पाणी जाऊन कुजतो, नुसता उभा दिसतो. चित्र काढायचं तर ते काढा.

आणि आमच्याकडं 'का' ला चार उत्तरं आहेत. कुणी म्हणतं कर्नाटकातलं अलमट्टी धरण, कुणी म्हणतं आमची धरणं उशिरा आणि एकदम सोडली, कुणी म्हणतं पुलाचे भराव, कुणी म्हणतं पाऊसच तेवढा होता. एकाच बांधावर चौघांची चार मतं. बाई निवेदनात कुठलं लिहिणार?

नाट्यवेडी
शिरोळकर, चौघांची चार मतं असतील तर ती चारही लिहावीत. त्यासाठी नाटकाइतकं चांगलं साधन मला माहीत नाही.

ब्राझिलचाच नाटककार ऑगस्तो बोआल. त्याचा एक प्रसंग तो स्वतः सांगायचा. त्याची मंडळी शेतकऱ्यांपुढे नाटक करत होती, हातात बंदुका, 'जमिनीसाठी रक्त सांडू' असं गाणं. खेळ संपल्यावर व्हिर्जिलिओ नावाचा एक शेतकरी आला आणि म्हणाला, चला, जेवून घेऊ आणि तुमच्या बंदुका घेऊन जमीनदाराच्या माणसांवर जाऊ. नट म्हणाले, बंदुका खोट्या आहेत हो. तो म्हणाला, हरकत नाही, आमच्याकडे खऱ्या आहेत, तुम्ही फक्त चला. कुणी गेलं नाही. त्यानंतर बोआलने दुसऱ्याला 'असं करा' सांगणारी, आणि जोखीम मात्र त्याच्यावर टाकणारी नाटकं सोडली.

मोर्चाला मुलं न्या म्हणणाऱ्या परिचितांसाठी हा प्रसंग आहे.

मग त्याने जे शोधलं त्याला फोरम थिएटर म्हणतात. अन्यायाचा प्रसंग करून दाखवायचा, वाईट शेवटासकट. दुसऱ्यांदा करताना प्रेक्षकातला कुणीही 'थांबा' म्हणतो आणि ज्याच्यावर अन्याय होतोय त्याच्या जागी येऊन वेगळं करून बघतो. अन्याय करणाऱ्याला बदलायचं नाही. तो जगात आयता बदललेला मिळत नाही.

आम्ही पुरानंतर हे केलं. प्रसंग पंचनाम्याचा. पाणी ओसरलंय, तलाठी आलाय, भाडेकरू बाईकडे भाडेकराराचा कागद नाही, कारण मालकाने कधी केलाच नाही. तलाठी पुढच्या घराकडे जातो. संपलं. दुसऱ्या फेरीत एक पोरगा उठला, तलाठ्याशी जोरात भांडला, काही उपयोग झाला नाही. मग धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी उठल्या. त्या तलाठ्याकडे गेल्याच नाहीत. शेजारणींच्या भूमिका करणाऱ्या आमच्या मुलींना एकेक करून हाताला धरून आणलं, मालकाला मधे उभं केलं आणि म्हणाल्या, "आता ह्यांच्यासमोर सांगा, मी इथं राहत्ये का न्हाई?" मालकाचं काम करणारा नट खरोखर गडबडला. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून एक आजी म्हणाल्या, "आणि उद्या त्यानं खोली खाली कर म्हटलं तर?"

टाळ्या थांबल्या. तिथून खरी चर्चा सुरू झाली, ती भाडं, कागद, मालकी इथपर्यंत गेली. कुणीही पुस्तक उघडलं नव्हतं.

पालकांनी विचारलं होतं, मूल शिक्षकाला नकार कसा देणार? फोरममध्ये नकार हाच खेळाचा नियम आहे. तुझं पटलं नाही, थांब, मी वेगळं करून दाखवतो. ही सवय लागली की ते मूल दुसऱ्या सरांच्या निवेदनावरही सही करण्याआधी थांबेल.

पालक_राजारामपुरी
हे उत्तर मला बरंचसं पटलं. एक अट मात्र ठेवा: सही ऐच्छिक, आणि न करणाऱ्या मुलाला वर्गात कुणी टोकणार नाही. उलट त्याचं म्हणणंही जोडा.

तांबडा_पांढरा
नाटकाचा विषय निघालाच आहे तर… ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना मी शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाकडून बघत होतो. १९१५ सालचं पॅलेस थिएटर. लोक रस्त्यावर उभे राहून रडत होते, त्यात नाटक कधी न बघितलेलेही होते.

गंगावेस_कट्टा
दुसऱ्या दिवशी, ज्यांचं नाव नाट्यगृहाला आहे त्या गायक-नट केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी कुस्तीचं मैदान आणि नाट्यगृह एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बांधलं. पैलवान आणि नट दोघंही इथे एकाच लोकांसमोर उभे राहायचे. ती रचना नुसती वास्तू म्हणून बघू नये.

नाट्यवेडी
तालमीची जागा गेली की आधी होतकरू गटच बंद पडतात, मोठ्यांना सोय होते. त्यावर वेगळा धागा काढूया.

रेघोट्या
नाट्यवेडी, पंचनाम्याचा प्रसंग वाचून माझ्या तक्रारीला बळच मिळालं. तो चालला कारण तो नीट रचलेला होता. तलाठी खलनायक केला असता तर मावशी उठल्याच नसत्या.

मुठा_काठ
सहमत. आणि विचाराचा भाग निरुपद्रवी समजू नये, निदान कोल्हापुरात तरी. इथलेच कम्युनिस्ट नेते कॉम्रेड गोविंद पानसऱ्यांनी 'शिवाजी कोण होता?' ही छोटी पुस्तिका लिहिली, साध्या माणसाला कळेल अशी. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून येताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, २० तारखेला ते गेले. ज्या गावाने ही किंमत मोजली, तिथे मुलांना प्रश्न विचारायला शिकवणं हे चैनीचं काम नाही.

कुंचला_करवीर
सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही वर्गात वाचूनही दाखवणार आहे. आराखडा असा बदलते.

भिंतीच्या आधी घर. मुलं रंग न घेता जातील आणि फक्त ऐकतील. शाडूवाला काका, पहिला तास तुमच्या कारखान्यात घेता येईल का? पूर नव्हे, मातीच. मुलांनी 'का वापरता' हे विचारावं आणि शाडू दाबून बघावा. त्यानंतर पुराच्या गल्ल्या.

मग फोरमचा एक प्रसंग मुलांनीच रचायचा. शिरोळची चारही मतं त्यात येतील. कोणतं मत कोणत्या आकड्याने तपासता येतं, एवढं आम्ही बघू: धरणातला विसर्ग, बंधाऱ्याची पातळी, पावसाची नोंद तारखेवार मांडून. त्या तक्त्याचंच चित्र होऊ शकेल. आणि रेषा शेवटी. रेघोट्या, अक्षरांची जाडी आणि चुन्यावर टिकणारा रंग यासाठी एक दिवस शाळेत या.

प्रश्न उरतो तो संस्थेचा. परवानगीच्या पत्रात काय लिहू?

शाडूवाला
या. ज्येष्ठात या, पुढं आमाला डोकं वर करायला सवड नसते. मुलांना जुने कपडे घालून पाठवा.

इचलकरंजीकर
पत्रात 'पर्यावरण शिक्षण उपक्रम' लिहा, लगेच सही होईल. निवेदनाचा उल्लेखच नको, नंतर देऊन टाका.

नाट्यवेडी
असं करू नका. मुलं ते पत्र वाचणार आहेत. पूर, पूररेषा, निवेदन, तिन्ही शब्द सरळ लिहा. नाही म्हणाले तर लेखी नाही मागा, आणि ते उत्तरही वर्गात चर्चेला घ्या.

पालक_राजारामपुरी
पत्रासोबत पालकसभेचा ठराव जोडा. सभा बोलावण्याचा अर्ज मी देतो. संस्थेला बाईंचं एकटीचं पत्र बाजूला ठेवता येतं, पालकांचा ठराव ठेवता येत नाही. माझ्या ओळखीतले आणखी चौघे-पाच सही करतील. एकाला मी अजून पटवतोय, त्याचा प्लॉट लाल रेषेच्या आत आहे.

कुंचला_करवीर
त्यांनाही सभेला आणा. प्लॉट घेताना त्यांना कुणी काय सांगितलं होतं, हे मुलांना ऐकायचं आहे.